नंबर बरोबर होता, इंजिन दुसऱ्याच गाडीचं होतं

कोल्हापुरात आमच्या वडिलांची प्रीमियर पद्मिनी होती. ती विकली तेव्हा आरटीओच्या कामासाठी एक एजंट घरी आला होता, त्याने बॉनेट उघडून चेसिस नंबर फडक्याने पुसला, त्यावर पातळ कागद धरला आणि शिसपेन्सिल आडवी धरून घासली तर नंबर कागदावर जसाच्या तसा उमटला. मग इंजिन नंबर वाचून आरसीबुकाशी ताडून बघितला. मी नववीत असेन. ते पेन्सिलचं काम डोक्यात पक्कं बसलं होतं आणि तीस वर्षांनी मिशिगनमधल्या माझ्या गॅरेजात, १९६८च्या पॉन्टियाक जीटीओच्या इंजिनावर मी तेच करत बसलो होतो, शेजारी मुलगी टॉर्च धरून.

गेल्या वर्षभरात आपल्या तीन-चार लोकांनी विचारलं की जुनी मसल कार, म्हणजे मोठ्या इंजिनाची जुनी अमेरिकन गाडी, घ्यायची तर इंजिन ओरिजिनल आहे हे कसं ओळखायचं, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय. माझं चुकलं कुठे तेही लिहितो कारण खरं शिकायला तिथेच मिळालं.

मी डेट्रॉइटच्या बाजूला ऑटो पार्ट्सच्या कंपनीत काम करतो, इथे येऊन अठरा वर्षं झाली. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी इथे वुडवर्ड ॲव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ असते, १९९५ पासून चालू आहे, हजारो जुन्या गाड्या रस्त्यावर येतात आणि लोक फुटपाथवर खुर्च्या टाकून दिवसभर बघत बसतात. पहिल्याच वर्षी एक हिरवी जीटीओ समोरून गेली आणि तिचा तो जाड, घुमणारा आवाज छातीत बसला तो गेलाच नाही. वुडवर्डचा रस्ता डेट्रॉइटहून सरळ पॉन्टियाक गावात जातो, म्हणजे ही गाडी जिथे बनली त्याच गावात. साठच्या दशकात पोरं रात्री याच रस्त्यावर सिग्नलपासून सिग्नलपर्यंत शर्यती लावायची.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, जीटीओ १९६४ला आली. मधल्या आकाराच्या गाडीत ३३० क्यूबिक इंचापेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही असा जनरल मोटर्सचा, म्हणजे पॉन्टियाकच्या मूळ कंपनीचा, नियम होता, पॉन्टियाकवाल्यांनी आपल्या लेमान्स गाडीवर ऑप्शन म्हणून ३८९चं इंजिन दिलं आणि नियमातून वाट काढली. १९६७ला इंजिन ४०० झालं. १९६८ला बॉडी पूर्ण नवीन आली, पुढचा बंपर रबरासारख्या एन्ड्युरा मटेरियलचा, बॉडीच्याच रंगाचा, आणि त्या वर्षी ८७,६८४ गाड्या बनल्या. मला १९६८चीच पाहिजे होती.

चार वर्षांपूर्वी ऑक्टोबरात ओहायोमध्ये एक सापडली. लाल रंगाची हार्डटॉप, चार गिअरची, खालून थोडी गंजलेली पण चालू. विकणारे गृहस्थ म्हणाले नंबर्स मॅचिंग आहे, म्हणजे गाडीत जन्माचंच इंजिन आहे. मी आधी व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख नंबर, बघितला, १९६८ पासून तो विंडशील्डमधून डॅशबोर्डवर दिसतो. सुरुवात २४२३७ ने. २४२ म्हणजे खरी जीटीओ, ३७ म्हणजे हार्डटॉप, पुढे ८ म्हणजे १९६८ आणि पी म्हणजे पॉन्टियाकचा प्लांट. १९६४-६५च्या गाड्यांमध्ये हे सुख नाही, तेव्हा जीटीओ हा ऑप्शन असल्याने व्हीआयएन लेमान्सचाच येतो, पण १९६६ पासून २४२ दिसलं की गाडी जन्माने जीटीओ आहे हे नक्की. इथपर्यंत सगळं खरं होतं. मग त्यांनी इंजिनाच्या मागच्या बाजूला, पॅसेंजर साइडला आठव्या सिलिंडरजवळ टॉर्च मारून कास्टिंग नंबर दाखवला, ९७९००७१. मी फोनवर यादी काढून बघितली, १९६८चा ४०० ब्लॉक (इंजिनाचं ओतीव मुख्य अंग), बरोबर. इंजिन ओरिजिनल म्हणून सहा हजार डॉलर जास्त दिले आणि ट्रेलरवर घालून गाडी घरी आणली.

आता इथे चूक काय झाली ती सांगतो. कास्टिंग नंबर म्हणजे साच्याचा नंबर. तो सांगतो की ब्लॉक कुठल्या प्रकारचा आहे, हा ब्लॉक ह्या गाडीत जन्मला का हे तो सांगत नाही. आणि ०७१ (शेवटच्या तीन आकड्यांवरून असंच म्हणतात) हा साचा पॉन्टियाकने १९६८ आणि १९६९ दोन्ही वर्षं वापरला. यादीत दोन्ही वर्षं लिहिलेली होती, मी ६८ बघितलं आणि पुढचं वाचलंच नाही.

भारतात आपल्याला सवय अशी की इंजिन नंबर आरसीबुकात असतो, इंजिन बदललं तर आरटीओत जाऊन नोंद करायची. इथे गाडीच्या टायटलवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, फक्त व्हीआयएन असतो. इंजिनाचा नंबर कुठेच नाही. पन्नास वर्षांत कुणी इंजिन काढलं, दुसरं घातलं, कुणाला काही सांगायची गरज नाही. त्या काळात तर ह्या गाड्या पाच वर्षांत सेकंडहँड होऊन अठरा-वीस वर्षांच्या पोरांच्या हातात जायच्या, इंजिन फुटलं की जंकयार्डातून दुसरं आणून शनिवार-रविवारी बसवलं, संपलं. त्यात पॉन्टियाकचं अजून एक वेगळेपण आहे. शेवरोलेमध्ये स्मॉल ब्लॉक आणि बिग ब्लॉक बघताक्षणी वेगळे ओळखू येतात, पण पॉन्टियाकचं ३२६ पासून ४५५ पर्यंत सगळं बाहेरून एकाच मापाचं. ३५० काढून ४०० बसवा, ४०० काढून ४५५ बसवा, माउंट तेच, मॅनिफोल्ड तेच. त्यामुळे बॉनेट उघडून नुसतं बघून कुणालाच काही सांगता येत नाही.

डिसेंबरात थंडी पडली आणि गॅरेजात हीटर लावून मी पुढचं सामान उतरवायला घेतलं, रेडिएटर, पंखा, वॉटर पंप. इथल्या पॉन्टियाक क्लबात एक आजोबा आहेत, पॉन्टियाकच्याच प्लांटमध्ये नोकरी करून रिटायर झालेले, ऐंशीच्या पुढचे. त्यांना फोनवर कौतुकाने सांगत होतो की ओरिजिनल इंजिनाची गाडी मिळाली. ते शांतपणे म्हणाले, वॉटर पंपाचे बोल्ट मोज. मोजले तर अकरा. पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाले, १९६८पर्यंत आठ बोल्टचा पंप यायचा, अकराचा १९६९ पासून. पंप बदलला असेल म्हणालो मी, तर म्हणाले पंप एकटा बदलत नाही, त्याच्यामागचं टायमिंग कव्हरपण बदलावं लागतं, हे कोण कशाला करेल, तू ब्लॉकची तारीख बघ.

तारीख. ती बघायची असते हे मला माहीतच नव्हतं.

पॉन्टियाकच्या ब्लॉकवर मागच्या बाजूला, डिस्ट्रिब्युटर जिथे ब्लॉकमध्ये बसतो तिथे, ब्लॉक ओतला त्या दिवसाची तारीख असते. महिन्याला एक अक्षर, ए म्हणजे जानेवारी, बी फेब्रुवारी, मग दिवस, मग वर्षाचा शेवटचा आकडा. तिथे फायरवॉल, म्हणजे इंजिन आणि केबिनमधला पत्रा, एवढी जवळ येते की डोकं घालता येत नाही, वर पन्नास वर्षांचं तेल आणि धूळ बसून डांबर झालेलं. डिग्रीझर मारून, नायलॉनच्या ब्रशने घासून, दाताच्या डॉक्टरकडे असतो तसला आरसा धरून मुलीने वाचलं, कारण तिचा हात तिथे जातो. बी, एक, आठ, नऊ. १८ फेब्रुवारी १९६९.

गाडी कधी बनली हे फायरवॉलवरच्या फिशर बॉडीच्या (जनरल मोटर्सचा बॉडी बनवणारा विभाग) पत्र्याच्या टॅगवर होतं, ०४बी, म्हणजे एप्रिलचा दुसरा आठवडा, वर्ष १९६८. म्हणजे गाडी फॅक्टरीतून बाहेर पडल्यानंतर दहा महिन्यांनी हा ब्लॉक ओतला गेला. यात वाद घालायला जागाच नाही.

त्याच टॅगवर रंगाचा कोड क्यू होता, म्हणजे लाल गाडी मुळात व्हर्डोरो ग्रीन. हिरवी! त्या संध्याकाळी आनंद वाटावा असं तेवढंच होतं.

आमचे एक काका शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीमध्ये चाळीस वर्षं होते. त्यांना व्हॉट्सॲपवर तारखेचा फोटो पाठवला, लगेच व्हिडिओ कॉल आला. "आरं हे उठावाचं अक्षर हाय, साच्यातनंच आल्यालं. तारखेची पट्टी रोज बदलायची असतीय पॅटर्नवर. ओतल्यालं अक्षर मागनं सहजासहजी बदलता येत न्हाई, पंच केल्यालं बदलता येतंय. तू दोन्ही बघ आणि दोन्ही एकमेकाशी जुळतंय का बघ." कोल्हापूरच्या फाउंड्रीतल्या माणसाने मिशिगनच्या फाउंड्रीतली तारीख अशी वाचून दिली. पुढचं सगळं काम मी ह्या एका वाक्यावर केलं.

मग पंच केलेले नंबर. ते दोन ठिकाणी असतात. इंजिनाच्या पुढच्या तोंडावर, पॅसेंजर बाजूला, हेडच्या (ब्लॉकवर बसणाऱ्या झाकणाच्या) खाली इंजिनाचा अनुक्रमांक आणि त्याच्याजवळ दोन अक्षरांचा कोड. आणि १९६८ पासून त्याच बाजूला खाली, टायमिंग कव्हरच्या कडेला, गाडीच्या व्हीआयएनचा तुकडा. १९६७पर्यंत हा तुकडा नसायचा. इथे एक कळकळीची विनंती, ह्या जागेवर वायर व्हील किंवा सँडपेपर लावू नका, पंचाचे खड्डे फार उथळ असतात, एकदा घासले गेले की नंबर कायमचा जातो आणि वर पुढचा गिऱ्हाईक म्हणणार की तुम्हीच घासला. पेंट रिमूव्हर लावायचा, मऊ ब्रश, फडकं, आणि टॉर्च समोरून न मारता बाजूने, अगदी पृष्ठभागाला लागून आडवी मारायची म्हणजे सावलीत अक्षरं उठून दिसतात. तरी शंका असेल तर कागद आणि शिसपेन्सिल. मी प्रिंटरचा कागद घेतला तो जाड पडला, मग देव्हाऱ्यात उदबत्त्यांच्या पुड्याला गुंडाळलेला पातळ कागद होता तो आणला, त्याच्यावर फक्कड उमटलं.

वर वायएस. खाली २९बी आणि पुढे सहा आकडे.

वायएस म्हणजे ३५० हॉर्सपॉवरचं ४००, ऑटोमॅटिक गाडीसाठी. आणि २९बी मधला २ म्हणजे पॉन्टियाक, ९ म्हणजे १९६९, बी म्हणजे बाल्टिमोरचा प्लांट. ओतलेली तारीख १९६९ म्हणते, पंच १९६९ म्हणतो, पंपाचे बोल्ट १९६९ म्हणतात. हेडवर मधल्या एक्झॉस्ट पोर्टजवळ ६२ आकडा होता, तोही १९६९चा. सगळे साक्षीदार एकच सांगत होते, कुणीतरी १९६९च्या एका ऑटोमॅटिक जीटीओचं अख्खं इंजिन उचलून माझ्या गाडीत ठेवलं होतं.

विकणाऱ्यांना फोन केला. त्यांचं म्हणणं एकच, कास्टिंग नंबर बरोबर आहे ना, मग झालं. मला वाटतं त्यांनाही खरंच माहीत नसावं, त्यांना त्यांच्याआधीच्या मालकाने तेच सांगितलं असणार. मी भांडलो नाही. पण सहा हजार डॉलर डोक्यातून जायला बरेच महिने लागले, बायकोला सांगायला तर आठवडा लागला. ती एवढंच म्हणाली की आता पुढचं तरी नीट कागद बघून कर.

कागद खरंच मिळतात, आणि पॉन्टियाकवाल्यांचं हे भाग्य आहे. पॉन्टियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेस म्हणून संस्था आहे, सगळे तिला पीएचएस म्हणतात, तिच्याकडे १९६१ पासूनच्या पॉन्टियाक गाड्यांच्या फॅक्टरीच्या नोंदी आहेत. व्हीआयएन द्यायचा, फी भरायची, तुमच्या गाडीच्या मूळ इनव्हॉइसची प्रत येते. फोर्डसाठी १९६७ पासूनचे मार्टी रिपोर्ट मिळतात. अमेरिकेत विकलेल्या शेवरोलेच्या अशा नोंदी बहुतेक उरल्याच नाहीत, कॅनडात गेलेल्या गाड्यांच्या मात्र मिळतात. मी हे गाडी घ्यायच्या आधी करायला पाहिजे होतं, आणि तुम्ही करा, पैसे द्यायच्या आधी करा.

माझा कागद आला त्याच्यावर स्पष्ट होतं, ४००, फोर बॅरल, म्हणजे ३५० हॉर्सपॉवरचं नेहमीचं इंजिन, चार गिअरचा मॅन्युअल, रंग हिरवा. एचओ किंवा रॅम एअर ह्या जास्त ताकदीच्या इंजिनांचा उल्लेख नाही. म्हणजे इंजिनावर कोड पाहिजे डब्ल्यूटी. गिअरबॉक्स खालून बघितला, जनरल मोटर्सच्याच मन्सी प्लांटचा, त्याच्या केसवर माझ्या गाडीच्या व्हीआयएनचा तुकडा पंच केलेला होता, २८पी आणि माझेच सहा आकडे. तेव्हा गाडीखाली पडल्या पडल्या मी मोठ्याने ओरडलो. गिअरबॉक्स पहिल्या दिवसापासून ह्याच गाडीत होता. बिचाऱ्याच्या पुढचं इंजिन गेलं आणि तो राहिला.

आता पुढे काय करायचं हा प्रश्न. आहे ते इंजिन बांधून चालवायचं, त्यात काही वाईट नाही, तेवढीच ताकद, तेच ४००. दुसरं, १९६८चं योग्य तारखेचं डब्ल्यूटी इंजिन शोधायचं. तिसरा रस्ता मला एका मशीन शॉपवाल्याने सुचवला, म्हणाला नंबर ग्राइंड करून तुझ्या गाडीचा नंबर आणि डब्ल्यूटी पंच करून देतो, त्या काळच्या अक्षरांचे पंच आहेत माझ्याकडे, कुणाला कळणार नाही. तो हे एवढं सहज म्हणाला की जणू ऑइल बदलायचं आहे. मी तिथून इंजिन उचलून दुसरीकडे नेलं. त्या ब्लॉकवरची फेब्रुवारी १९६९ची तारीख तशीच राहणार होती, म्हणजे ते नीट फसवणंसुद्धा नव्हतं, पण मुख्य म्हणजे माझी जी फसगत झाली तीच मी पुढच्या माणसाची करायची, आणि वर त्या २९बी वाल्या गाडीचा एकुलता एक पुरावा पुसून टाकायचा. मला ते जमणार नव्हतं. शेवरोलेमध्ये पंचाची जागा ब्लॉकच्या वरच्या सपाटीवरच असते त्यामुळे मशीनिंग करताना नंबर खरोखरच उडतो आणि लोकांना निमित्त मिळतं, पॉन्टियाकमध्ये तो पुढच्या तोंडावर आहे, वरची सपाटी कितीही मशीन करा त्याला धक्का लागत नाही. त्यामुळे पॉन्टियाकवाला कुणी म्हणाला की मशीनिंगमध्ये नंबर गेला तर विश्वास ठेवू नका.

मी दुसरा रस्ता घेतला. त्यात सव्वा वर्ष गेलं.

अटी अशा होत्या. ब्लॉक ०७१, कोड डब्ल्यूटी, ओतल्याची तारीख माझ्या गाडीच्या आधीची पण फार आधीची नको. ब्लॉक ओतला, मशीन झाला, इंजिन जोडलं, गाडीत चढवलं, ह्यात थोडे आठवडे जातात, त्यामुळे गाडी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातली तर ब्लॉक फेब्रुवारी-मार्च १९६८चा असला तर शोभतो. हेड १६ नंबरचे, तेही त्याच सुमाराचे, कारण हेडवरपण तारीख असते.

पहिलं सापडलं त्याचा फोटो आला, तेलकट काळा ब्लॉक, विकणारा म्हणतो ०७१. मला शेवटचा आकडा नीट दिसेना, म्हणलं जरा साफ करून पाठवा. साफ केल्यावर निघाला ०७९. म्हणजे त्याच काळातला ३५० क्यूबिक इंचाचा ब्लॉक. एका आकड्याच्या शेपटीचा फरक, आणि बाहेरून दोन्ही इंजिनं सारखी. मी तेव्हापासून न धुतलेल्या ब्लॉकच्या फोटोवर कुणाशी बोललोच नाही. दुसरं इंजिन खरंच डब्ल्यूटी होतं, पण तारीख निघाली जूनची, गाडीनंतरची. तिसऱ्याची तारीख छान होती, व्हीआयएनच्या तुकड्याची जागा मात्र चकचकीत घासलेली. तो माणूस म्हणाला असंच मिळालं. असेल, पण मी नाही घेतलं. तो नंबर कुणी आणि का घासला हे माहीत नसताना ते इंजिन घरात आणायला मन तयार होईना.

शेवटी आजोबांनीच पत्ता काढला. इंडियानात फोर्ट वेनच्या पुढे एका शेतावर, धान्याच्या कोठाराशेजारच्या शेडमध्ये इंजिन पडून होतं, मागून ठोकलेल्या जीटीओमधलं, मालक गेलेले आणि त्यांचा मुलगा शेड रिकामी करत होता. मी आणि मुलगी पहाटे निघालो. मुलाने इंजिन पुढे ओढून ठेवलं होतं. मी बॅगेतून ब्रश, रिमूव्हर, आरसा, टॉर्च आणि उदबत्तीचा कागद काढला तेव्हा तो बघतच राहिला. आधी तारीख, सी १२ ८. १२ मार्च १९६८. मग कास्टिंग, ०७१, नीट घासून, बोटाने चाचपून. मग पुढचं तोंड. मुलगी पेन्सिल घासत होती आणि अक्षरं एकेक करून वर येत होती, डब्ल्यू आणि टी. खाली २८पी आणि दुसऱ्याच गाडीचे सहा आकडे, जागा न घासलेली, पन्नास वर्षांची मळी तशीच. माझ्या गाडीच्या महिनाभर आधी ओतलेलं, त्याच प्लांटच्या गाडीत बसलेलं. भाव मी केलाच नाही फारसा.

घरी आणून आधी तपासून घेतलं. क्रॅक नाही. सिलिंडरच्या भिंतींची जाडी सोनिक टेस्टने मोजली, ४०० चा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, मुळात ४.१२ इंच, ०.०३० वाढवून ४.१५ केला तरी भिंत भरपूर राहते असं निघालं. हे आधी करा, नाहीतर योग्य तारखेचा ब्लॉक हातात आणि भिंत पातळ, मग काय पूजा करायची का त्याची? १६ नंबरचे हेड त्याच इंजिनावर होते, ते एक काम वाचलं.

वरचं सामान त्या मानाने लवकर झालं. गाडीवर होता तो रॉचेस्टर कंपनीचा क्वाड्राजेट कार्ब्युरेटर ७०४० ने सुरू होणारा, म्हणजे १९७०चा. रॉचेस्टरचे नंबर वाचायला सोपे, ७०२८ म्हणजे १९६८, ७०२९ म्हणजे १९६९, ७०४० म्हणजे १९७०, ड्रायव्हर बाजूला मागे उभा पंच केलेला असतो. बरोबर नंबरचा क्लबातच मिळाला. डिस्ट्रिब्युटरवरपण नंबर आणि तारीख दोन्ही असतात, तो एका स्वॅप मीटमध्ये, म्हणजे जुन्या पार्ट्सच्या बाजारात, टेबलाखालच्या खोक्यात सापडला. आठ बोल्टचं टायमिंग कव्हर मात्र दोनदा आणावं लागलं, पहिलं ॲल्युमिनियम खाल्लेलं निघालं.

आतल्या कामात मी ओरिजिनलचा हट्ट सोडला आणि त्याची मला खंत नाही. फॅक्टरीचं कॉम्प्रेशन १०.७५ होतं, ते शिसंवाल्या प्रीमियम पेट्रोलच्या जोरावर. आज इथे पंपावर ९३ ऑक्टेन मिळतं, लोखंडी हेडवर त्यात ते इंजिन चढावर खडखड करणार आणि पिस्टन फुटणार. म्हणून खोलगट पिस्टन घालून ९.३ च्या आसपास आणलं. कनेक्टिंग रॉडसुद्धा फॅक्टरीचे ओतीव होते, ते काढून फोर्ज केलेले घातले. माझ्या मते हे करायलाच पाहिजे, कारण रॉड तुटला तर तो ब्लॉक फोडूनच बाहेर येतो, आणि मग सव्वा वर्ष शोधलेली तारीख भंगारात. बाहेरून मात्र एकही गोष्ट बदलली नाही, त्या वर्षांचा हलका मेटॅलिक निळा रंग, क्रोमचे व्हॉल्व्ह कव्हर, लोखंडी इनटेक. पंचाच्या दोन्ही जागांवर रंग अगदी पातळ मारला, वाचता यावं म्हणून.

गेल्या मे महिन्यात इंजिन सुरू झालं. पहिल्या दिवशी वीस मिनिटं चालवलं, खाली पुठ्ठा घालून बघितलं, मागच्या सीलमधून दोन थेंब. आजोबा खुर्चीवर बसून होते, म्हणाले नवीन असतानापण गळायचं.

वडिलांना पेन्सिलने उतरवलेल्या नंबराचा फोटो पाठवला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "आरसीबुकावर चढवलास का नवीन इंजिन नंबर?" म्हणलं बाबा इथे तसं काही नसतं. ते म्हणाले मग तू स्वतः लिहून ठेव, सही करून, तारीख घालून. तसं केलं. एका फाइलमध्ये पीएचएसचा कागद, टॅगचा फोटो, गिअरबॉक्सच्या नंबराचा फोटो, आणि एक पानभर लिहिलंय की ह्या गाडीचं जन्माचं इंजिन हरवलेलं आहे, सध्याचं इंजिन १२ मार्च १९६८ला ओतलेलं, दुसऱ्या जीटीओचं, कुठून आणलं, आत काय काय बदललं. खाली सही. त्याला उदबत्तीच्या कागदावरची प्रिंट टाचलीय. गाडी कधी विकली तर फाइल गाडीबरोबर जाईल, भाव कमी आला तरी चालेल.

२९बी वालं इंजिन विकायला दोघांनी मागितलं, दिलं नाही. ते साफ करून, तेल लावून, ताडपत्रीखाली स्टँडवर ठेवलंय. बाल्टिमोरमध्ये बनलेली एक ऑटोमॅटिक १९६९ची जीटीओ कुठेतरी दुसऱ्याच इंजिनावर फिरत असेल किंवा कुणाच्या तरी गॅरेजात इंजिनाविना उभी असेल. तिचे सहा आकडे मी क्लबाच्या पत्रकात छापायला दिलेत, दर तिमाहीला परत देतो. अजून फोन आलेला नाही.